कस्तुरीचं पहिलं दूध

शास्त्री नगर, जयपूर
३० जानेवारी २०२५

उत्कर्षा,

आशीर्वाद लिहिणार होतो, पण ते तुला चालतील की नाही कळेना, म्हणून नुसतं नाव.

शास्त्री नगर ते तुझं सीतापुरा वीस किलोमीटर. एवढ्याशा अंतरावर पोस्टाने पत्र टाकणारा बाप या शहरात दुसरा नसेल. पण फोन तू उचलत नाहीस. मतलब, माझा नंबरच बंद करून टाकला आहेस, असं आईकडून कळलं. आई दर रविवारी डबा घेऊन तुझ्या खोलीवर येते, तिला म्हटलं एक चिठ्ठी नेशील का. "तुमचं तुम्ही टाका पेटीत," म्हणाली आणि भाजी निवडत बसली. चार वर्षं ती मध्ये पडली नाही, आता कशाला पडेल?

अक्षर मुद्दाम मोठं काढतोय. तुझं वाचन हिंदी शाळेतलं. मराठी पुस्तक हातात दिलं की ओळीओळीला अडखळायचीस आणि मी हसायचो.

कामाचं बोलतो. चौमूंच्या बापूलालची घोडी, कस्तुरी, पुन्हा गाभण आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात व्यायला हवी. तिचे पुढचे गुडघे गेलेत, नवरदेव पाठीवर घेऊन मिरवणं आता तिला जमत नाही. या वयात आणखी एकदा गाभण राहील असंही वाटत नाही. शिंगरू जगलं तर चार वर्षांनी तेच वरातीत उभं राहील. नाही जगलं तर घोडी पाळणं बंद, असं बापूलाल म्हणाला. नवी घोडी घ्यायची त्याची ऐपत नाही, आणि त्याच्या घरात दुसरं काही कोणाला येत नाही.

मागच्या वेळचं तुला सांगायला नको. तरी लिहायला बसलोच आहे तर लिहितो. नवव्या दिवशी ते शिंगरू चारही पाय खाटेच्या खुरांसारखे ताठ करून उभं होतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा वर आलेला, दातखीळ बसलेली, जवळ कोणी टाळी वाजवली की अंग लाकूड व्हायचं. बेंबीतून शिरलेला धनुर्वात. बाराव्या दिवशी गेलं. घोडीला आधीचे डोस मी दिले होते आणि व्यायच्या पाच आठवडे आधीचा, सगळ्यात महत्त्वाचा डोस तू एकटीने जाऊन दिला होतास. मी तिथेच, बापूलालच्या अंगणात, शेजारीपाजारी जमलेले असताना तुला बोललो. लशीचा डबा उन्हात ठेवलास, लस मेली, म्हणून हे मेलं, असं म्हणालो. हिंदीत म्हणालो, म्हणजे सगळ्यांना कळावं.

बोलायची तऱ्हा चुकली असेल. कारण चुकलेलं नव्हतं, असं मला आजही वाटतं.

तुझ्या इंटर्नशिपचा दीड महिना राहिला होता. दीड महिना! तेवढ्यावर जनावरांची डॉक्टर व्हायचं सोडलंस आणि त्या कारखान्यात शर्टांची लेबलं तपासायला बसलीस. याचा राग माझ्या मनात आहे, तो लपवत नाही.

सहा फेब्रुवारीला कस्तुरीला डोस द्यायचा आहे. माझा उजवा हात हल्ली थरथरतो. तू आलीस तर बरं होईल. मी सकाळी नऊच्या बसने निघेन.

बाबा


७ फेब्रुवारी २०२५

उत्कर्षा,

नऊची बस सोडली, साडेनऊचीही सोडली. दहाच्या बसमध्ये बसलो. ठीक आहे.

डोस दिला. हात थरथरला, पण घोडी शहाणी, मान स्थिर धरून उभी राहिली. पांढऱ्याशुभ्र घोडीचं नाव कस्तुरी ठेवणाऱ्या बापूलालला तू हसायचीस, ते आठवलं.

व्यायची जागा त्याला दाखवली. जुनी लीद, माती सगळी खरवडून काढायची, गवत नवीन घालायचं. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदेत आणि मातीतच असतात, हे त्याला दहाव्यांदा सांगितलं. त्याच्या आईनं, यमुनाबाईंनी, चहा दिला. त्या आता फार वाकल्यात. तुझी चौकशी केली. मी म्हणालो, मजेत आहे.

लस न्यायला माळ्यावरचा तोच जुना डबा काढला होता. तू गेल्यापासून तो उघडला नव्हता, मी नवीन आणला होता, पण त्याचं झाकण तुटलं. आत थर्मामीटर होता आणि एक घडी घातलेला कागद. बसचं तिकीट वगैरे असेल. बाजूला ठेवलाय.

त्या दिवशी तू चौमूंला किती वाजता पोहोचली होतीस? सहज विचारतो.

बाबा


१६ फेब्रुवारी २०२५

उत्कर्षा,

ते तिकीट नव्हतं, आणि मी ते डबा उघडल्या उघडल्याच वाचलं होतं. तुला खोटं लिहिलं.

कागदावर तुझ्या हातचं आहे. 'घर ८.४० – ४ डिग्री. बस ९.१५ – ४. चौमूं ९.५५ – ५. टोचली १०.१० – ५.' खाली एक ओळ: 'बाबांना दाखवणे.' 'दाखवणे' खोडून पुन्हा लिहिलंयस, पहिल्यांदा चुकलं होतं म्हणून.

लस थंडगार होती. मी घेतली नसती तितकी काळजी तू घेतली होतीस. माझ्या अख्ख्या नोकरीत मी बसमध्ये डबा उघडून डिग्री पाहिलेली नाही.

तू त्या दिवशी अंगणात "बाबा, कागद आहे" असं काहीतरी म्हणाली होतीस का? मला अंधूक आठवतं. आणि मी "कागद गेला खड्ड्यात" म्हणालो, हे अंधूक नाही, चांगलं आठवतं.

मग शिंगरू कशाने गेलं? दहा दिवस हाच प्रश्न डोकं पोखरतोय. चांगली लस मिळालेल्या घोडीच्या पहिल्या दुधात धनुर्वाताविरुद्धची सगळी ताकद उतरते. शिंगराने पहिल्या काही तासांत तो चीक पोटभर प्यायला की त्याला कवच मिळतं. एक दिवस उलटला की आतडं ती ताकद आत घेतच नाही. मी गेलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी. बेंबीला आयोडीन लावलं, विचारलं, दूध पितं का? यमुनाबाई म्हणाल्या, अगदी छान पितं. मी समोर बघितलंही, लुचत होतं. घोडीला लस आहे, शिंगरू पितंय, मग धनुर्वाताविरुद्धच्या तयार सिरमचं इंजेक्शन कशाला, म्हणून बॅग बंद केली. सिरम बॅगेत होतं. दिलं असतं तरी काही बिघडलं नसतं.

हे तुला मी पहिल्यांदाच सांगतोय. चार वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. आणि दोन पानं भरली तरी 'माझी चूक झाली' हे तीन शब्द अजून आले नाहीत, हेही तुझ्या लक्षात आलंच असेल. येतील. माझ्या पेनाला त्यांची सवय नाही.

बाबा


३ मार्च २०२५

उत्कर्षा,

आज चौमूंहून आलो आणि चप्पल काढल्याबरोबर लिहायला बसलो. आई जेवायला हाक मारतेय. जेवण जाणार नाही.

कस्तुरीची कास भरत आलीय. बघून झालं, हात धुतले, तर यमुनाबाई आतून एक पितळी लोटा घेऊन आल्या. चिंचेने घासलेला, लखलखीत. कौतुकाने म्हणाल्या, साहेब, या वेळीही तयारी आहे. मी विचारलं, कसली? तर म्हणाल्या, पहिल्या दुधाची. मागच्या वेळी तुम्ही सांगितलं तसंच केलं होतं.



मी काय सांगितलं होतं, तुला आठवेल. तू तिथेच बसली होतीस. डोसाच्या आधीच्या आठवड्यात मी तुला घोडी दाखवायला घेऊन गेलो होतो. चहा चालला होता आणि मी माझ्या गप्पांत रंगलो होतो. गावाकडचं बोलायला लागलं की मला थांबता येत नाही. कराडला आमच्याकडे गाय व्याली की पहिला चीक काढून माझी आई खरवस करायची. गूळ, वेलची, वर थोडं जायफळ. अर्ध्या आळीत वाट्या जायच्या, आणि देवापुढे पहिली वाटी. तीस वर्षं झाली या शहरात, खरवसाची वाटी बघितली नाही. हे सगळं मी त्या लोकांना हातवारे करून सांगितलं. यमुनाबाईंनी विचारलं होतं, मग वासराला? आणि मी हसून म्हणालो होतो, "वासराला काय, नंतर मिळतंच."

मी. जनावरांचा डॉक्टर. अरे, आमच्या घरीही वासराला आधी लुचू द्यायचे आणि मग उरलेला चीक काढायचे. गोष्ट रंगवायची म्हणून तेवढं मी गाळलं.

त्या घरात वरातीच्या घोड्या यायच्या त्या मोठ्या होऊनच यायच्या. घरात घोडी व्याल्याचं कोणी पाहिलेलंच नव्हतं. लॉकडाऊनमध्ये लग्नं बंद पडली, घोडी नुसती उभी, म्हणून पहिल्यांदाच तिला फळवली होती. डॉक्टरसाहेबांच्या देशात पहिलं दूध देवाला जातं, असं यमुनाबाईंच्या मनात बसलं. खरवस त्यांना येत नव्हता आणि घोडीचं दूध कोण खाणार? म्हणून पहाटे एक लोटा, दुपारी एक लोटा काढून भैरूजींच्या थानावर, देवाच्या दगडावर, वाहिला. तोवर शिंगराला गूळपाणी पाजलं. संध्याकाळी त्याला आईपाशी सोडलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ते छान पीत होतं.

म्हणजे तू घोडीच्या अंगात जे नीट घातलंस, ते सगळं दगडावर ओतलं गेलं. माझ्या शब्दावरून. आणि त्याच अंगणात उभं राहून मी तुला बोललो.

आज मी यमुनाबाईंना काय म्हणालो असेन? काही नाही. लोटा हातात घेतला, चांगला घासलाय म्हणालो, आणि या वेळी दूध काढू नका, मी येईपर्यंत थांबा, एवढंच सांगून बसस्टँडवर आलो. त्या हसत होत्या. बहात्तर वर्षांच्या बाईला तिच्या हाताने काय झालं ते सांगायची माझी छाती झाली नाही. तुला भर अंगणात बोलताना मात्र मला क्षणभरही जड गेलं नव्हतं.

माझी चूक झाली, उत्कर्षा. लशीची नव्हती, तुझी नव्हती, माझी झाली.

बाबा


१२ मार्च २०२५

उत्कर्षा,

कस्तुरी काल व्याली. मादी आहे, लालसर, कपाळावर चांदणी. मोठी झाली की पांढरी होईल असं बापूलाल म्हणतो. मी परवापासून त्यांच्याच घरी मुक्कामाला होतो. सडांवर मेणासारखे थेंब दिसले, म्हणजे व्यायची वेळ आली, तेव्हाच आईला फोन केला की घरी येत नाही.

सगळं हाताने केलं. नाळ आपोआप तुटू दिली, औषधाच्या वाटीत बेंबी बुडवली, दिवसातून तीनदा. तिला उभं राहायला जमेना, चारदा पडली, मी आणि बापूलालनं दोन्ही बाजूंनी धरली. सड सापडेना तर तोंड धरून लावलं. घोडीला लस असूनही या वेळी सिरम दिलं. जास्तीचं झालं तर होऊ दे.

आता खरं काम. आज सकाळी पेढे वाटायला शेजारचे जमले होते. तेव्हाचेच चेहरे, कोपऱ्यावरचा सायकलवालाही होता. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, चार वर्षांपूर्वी मी इथे माझ्या मुलीला दोष दिला. तिची लस चांगली होती. तिने दर अर्ध्या तासाला थंडी मोजून लिहून ठेवली होती, हा तो कागद. पिल्लू गेलं कारण त्याला पहिलं दूध मिळालं नाही, आणि ते मिळालं नाही कारण मी चहा पिताना एक गोष्ट अर्धवट सांगितली. माँजींनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांचा काही दोष नाही.

बापूलालनं मान खाली घातली. यमुनाबाई शिंगरापाशी बसल्या होत्या. त्यांचा हात तिच्या पाठीवरच थांबला. मला वाटलं रडतील, ओरडतील, मला घालवून देतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "साहब, बिटिया को बताया?"

पत्र लिहिलंय, म्हणालो.

मग त्या आत गेल्या आणि तो लोटा आणून माझ्यासमोर ठेवला. घेऊन जा, म्हणाल्या, मला आता हा घरात बघवणार नाही. तो आणलाय. आईने विचारलं हा कोणाचा, तर तिलाही सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं, तिची चूक नव्हती." कसं माहीत होतं, विचारलं तर म्हणाली, "तुम्ही तिला कधी विचारलं नाहीत. मी विचारलं होतं."

बाबा


२ एप्रिल २०२५

उत्कर्षा,

शिंगराचा काल एकविसावा दिवस झाला, म्हणजे धोका टळला. रोज जात होतो. नवव्या दिवशी तबेल्यात गेलो, तिच्या मागे उभा राहिलो आणि टाळी वाजवायला हात वर केला. वाजववेना. शेवटी यमुनाबाईंनीच पलीकडून ताट आपटलं. ती चौखूर उधळली, माझ्या पायावर पाय देऊन आईच्या पोटाखाली घुसली. अंगठ्याचं नख काळं पडलंय. मी तिथेच गवतावर बसलो आणि रडलो, त्याला आता लाजायचं काय?

तिचं नाव ठेवायला मला सांगत होते. मी नको म्हणालो. या घरात माझं बोलणं आधीच फार झालंय.

तुझ्या कॉलेजात जाऊन आलो. सोडलेला दीड महिना आता पूर्ण करता येईल का, विचारलं. तिथल्या ऑफिसातल्या बाई चांगल्या होत्या, फाइल काढून बघितली. इतका काळ मध्ये गेल्यावर नियमात बसत नाही म्हणाल्या. मी म्हणालो, बापाची चूक होती. त्या म्हणाल्या, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही. त्या थट्टा करत नव्हत्या. तुझी वर्षं मला परत आणून देता येत नाहीत. 

रविवारी आई तुझ्याकडून परत आली. मी नेहमीसारखा पेपर डोळ्यांसमोर धरून बसलो होतो. ती म्हणाली, पाचही पत्रं टेबलावर आहेत, फोडलेली. मग पाणी पिऊन म्हणाली, तिने एक विचारलंय. शिंगराने पहिलं दूध किती वाजता घेतलं?

मी विचारलं, आणखी काही म्हणाली? आई म्हणाली, नाही, एवढंच.

माझ्याबद्दल काही नाही. ते बरोबरच आहे. डॉक्टरने आधी पेशंटचं विचारायचं असतं, आणि तुला ते मी शिकवावं लागलं नव्हतं. मलाच चार वर्षांपूर्वी ते विचारायचं सुचलं नाही. पीत आहे का, एवढंच विचारलं. किती वाजता, हे विचारलं नाही.

तुझ्या कागदाच्या मागची बाजू कोरी होती. तिथेच सगळं लिहून ठेवलं होतं. कागद पाठवतोय, तो तुझाच आहे. माझ्याकडे नक्कलही ठेवलेली नाही.

जन्म ५.१०.
बेंबी बुडवली ५.२५.
उभी राहिली ६.०५, पाचव्या प्रयत्नात.
पहिलं दूध ६.२०. सगळं तिनेच प्यायलं.
सिरम ७.००.
उत्कर्षाला दाखवणे.

बाबा